बी-७ ची घरपट्टी: २,४५,७६० रुपयांच्या नोटिशीचा हिशेब

जानेवारी २०२५. महाराष्ट्रातली एक 'ड' वर्ग महापालिका. बी विंगमधल्या सात नंबरच्या फ्लॅटच्या दारावर जप्तीपूर्व नोटीस चिकटवलेली. थकीत मालमत्ता कर आणि शास्ती (उशिराबद्दलचा दंड) मिळून २,४५,७६० रुपये. एकवीस दिवसांत भरा, नाहीतर वॉरंट. नोटिशीवरचे नाव आत राहणाऱ्या नवरा-बायकोचे नव्हते. ज्याच्याकडून त्यांनी जून २०१९ अखेर फ्लॅट विकत घेतला, त्याचे होते. साडेपाच वर्षांत त्यांना एकही बिल आले नव्हते, आणि घरपट्टी सोसायटीच्या मेंटेनन्समध्येच जाते अशी त्यांची समजूत होती.

अशी प्रकरणे एकमेकांसारखीच असतात. त्यांतले नेहमी सापडणारे धागे घेऊन हे प्रकरण बांधले आहे. माणसे कल्पित आहेत, आकडे हिशेब हाताने तपासता यावा म्हणून गोल केले आहेत. कायदा आणि कार्यालयातली वाट मात्र आहे तशी आहे. इथे लागू होणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ आणि त्याच्या अनुसूची 'ड' मधले कराधान नियम. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा, ग्रामपंचायतींना १९५८ चा. त्यामुळे मुंबईतली ५०० चौरस फुटांपर्यंतची करमाफी किंवा पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्क्यांची सवलत दुसऱ्या गावातल्या काउंटरवर मागू नये. तिथे ती नसते.

नाव त्याचे, घर आपले

नवऱ्याचे पहिले म्हणणे असे, की नोटीस विक्रेत्याच्या नावावर आहे, तोच भरेल. हे चालत नाही. कलम १४१ प्रमाणे मालमत्ता कर हा त्या मिळकतीवरचा बोजा आहे; जमीन महसुलाच्या खालोखाल पहिला हक्क त्याचा. मालक बदलला तरी बोजा घरालाच चिकटून राहतो. आणि हा बोजा कायद्याने आपोआप बसत असल्यामुळे दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंद नसते. बँकेने गृहकर्ज देताना वकिलाकडून निबंधकाच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध (सर्च) करून घेतला होता, तो स्वच्छ निघाला होता, आणि ते बरोबरच होते. सर्च रिपोर्टमध्ये घरपट्टी दिसतच नाही. सोसायटीची एनओसीही मेंटेनन्सपुरती असते.

एका वकिलाने त्यांना १९७१ चा सर्वोच्च न्यायालयाचा अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणातला निर्णय दाखवला. तो याच कायद्याच्या कलम १४१ वरचा आहे; हा कायदा तेव्हा गुजरातमध्येही लागू होता. किंमत मोजून आणि थकबाकीची कल्पना नसताना मिळकत घेणाऱ्याविरुद्ध हा बोजा बजावता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. मुद्दा खरा, पण इथे त्यावर विसंबणे धोक्याचे होते. त्या प्रकरणातल्या माणसाने लिलावात मिळकत घेतली होती. बी-७ च्या खरेदीखतात 'ताबा देईपर्यंतचे सर्व कर विक्रेता भरेल' असे कलम होते, आणि खरेदीच्या फाइलमध्ये घरपट्टीची पावती होती, तीही जून २०१७ ची. दोन वर्षे जुनी पावती हातात घेऊन 'आम्हाला कल्पना नव्हती' असे न्यायाधीशांना पटवणे अवघड. शिवाय खरेदीनंतरची साडेपाच वर्षे तर त्यांचीच होती. तिथे हा निर्णय कामालाच येत नाही.

'तीन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी बुडते' हेही सोसायटीच्या जिन्यात ऐकायला मिळाले. बोजा असलेल्या रकमेच्या दाव्याला मुदत कायद्यात बारा वर्षे आहेत. हा मुद्दा घेऊन कर कार्यालयात जाऊ नये, उगाच आपली बाजू हलकी पडते.

त्या पावतीत काय दडले होते

बायको दुसऱ्या दिवशी प्रभाग कार्यालयातल्या कर आकारणी व करसंकलन विभागात गेली. तिने एकच गोष्ट मागितली: मिळकत क्रमांकाचा वर्षवार खाते उतारा, म्हणजे प्रत्येक वर्षाची मागणी, वसुली, शास्ती आणि बाकी. 'किती भरायचे' हे तिने विचारले नाही. नोटिशीवर एक गठ्ठा आकडा असतो, त्याच्याशी भांडता येत नाही. उताऱ्यावर तोच आकडा सुटा होतो, आणि सुटा झाला की कळते, की थकबाकी नावाची एक वस्तू नसते. खरा कर, चुकीच्या जागी जमा झालेला भरणा, चुकीच्या वापराने लागलेला जादा दर आणि शास्ती, हे चार निरनिराळे पैसे आहेत. प्रत्येकाचे टेबल वेगळे, प्रत्येकाची मुदत वेगळी.

लिपिक उतारा द्यायला कुरकुरला, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो. त्याला तीस दिवस लागू शकतात, आणि इथे नोटिशीची मुदत एकवीस दिवसांची. म्हणून आधी साधा अर्ज, आवक शिक्का घेऊन. इथे तेवढ्यावर काम झाले.

उतारा असा होता. २०१७-१८ पासून २०२४-२५ पर्यंत आठ वर्षे, दर वर्षी १६,००० रुपये मागणी, वसुली शून्य. मूळ कर १,२८,०००. कर सहामाही असतो, म्हणजे ८,००० चे दोन हप्ते. पहिल्याला १ जुलैपासून आणि दुसऱ्याला १ जानेवारीपासून दरमहा २ टक्के शास्ती लागलेली. एका हप्त्याची महिन्याची शास्ती १६० रुपये. चालू वर्षाच्या पहिल्या हप्त्याचे जानेवारीअखेर सात महिने, दुसऱ्याचा एक. आठ महिन्यांचे १,२८०. प्रत्येक मागच्या वर्षात यापेक्षा चोवीस महिने जास्त. आठही वर्षांचे मिळून ७३६ महिने होतात, शास्ती १,१७,७६०. बेरीज २,४५,७६०.

ही पडताळणी कंटाळवाणी वाटते, पण ती करायचीच. शास्ती मूळ करावर असते, शास्तीवर नाही. आदल्या वर्षाची शास्तीसकट बाकी पुढच्या वर्षी 'मूळ' म्हणून ओढली गेली असेल तर आकडा फुगतो, आणि तो फुगवटा फक्त अशा बेरजेतच दिसतो. इथे बेरीज जुळली, म्हणजे ही चूक नव्हती.

शब्दाचाही एक घोळ असतो. लोक 'शास्ती' म्हणतात तेव्हा दोन निराळ्या गोष्टी मनात असतात. एक ही, उशिराबद्दलची, दरमहा २ टक्के. दुसरी कलम २६७-अ ची, अनधिकृत बांधकामावरची, जी करासोबतच आकारली जाते. दुसरी असेल तर लढाई बांधकाम परवानगीची आणि भोगवटा पत्राची (इमारत राहण्यास योग्य असल्याच्या दाखल्याची) होते. या इमारतीला भोगवटा पत्र होते आणि उताऱ्यात ती ओळ नव्हती.

मग तिने ती जुनी पावती काढली. जून २०१७, रक्कम १६,०००, वर्ष २०१७-१८. उताऱ्यात त्या वर्षी वसुली शून्य. पावतीवरचा मिळकत क्रमांक नीट पाहिल्यावर शेवटून तिसरा अंक वेगळा निघाला. तो ए विंगच्या सात नंबरचा क्रमांक होता. पैसे गेले होते, पण शेजारच्या खात्यात. २०१९ मध्ये याच पावतीने 'कर भरलेला आहे' असे त्यांना गाफील ठेवले होते. २०२५ मध्ये त्याच कागदाची किंमत १६,००० नव्हती. २०१७-१८ च्या दोन हप्त्यांचे १७६ महिने झाले होते, म्हणजे शास्ती २८,१६०. दोन्ही मिळून ४४,१६०. जुन्या पावत्या रद्दीत देणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

जमा वर्ग करणे

हे काम वाटते सोपे, पण याच कामाला सर्वांत जास्त दिवस लागले: सोळा. कारण ए-७ च्या खात्यात ते १६,००० पडून राहिले नव्हते. ए-७ चा कर निवासी दराने वर्षाला ६,४०० होता. त्याने स्वतःचा २०१७-१८ चा कर भरलेलाच होता, त्यामुळे हे पैसे 'जादा जमा' म्हणून पुढे ओढले गेले: ६,४०० २०१८-१९ मध्ये, ६,४०० २०१९-२० मध्ये, उरलेले ३,२०० २०२०-२१ च्या पहिल्या सहामाहीत. अडीच वर्षे त्याला शून्याचे बिल आले आणि त्याने कुणाला विचारले नाही. शून्याच्या बिलाबद्दल तक्रार घेऊन सहसा कुणी जात नाही.

आता जमा बी-७ कडे वर्ग केली की ए-७ वर थकबाकी उभी राहते, म्हणून लिपिक हात लावायला तयार नसतो. अर्जात तीन गोष्टी लागल्या. मूळ पावतीची छायाप्रत, मूळ दाखवून साक्षांकित केलेली. विक्रेत्याच्या बँक खात्याचा उतारा, ज्यात तो धनादेश वटलेला दिसतो. हा विक्रेत्याकडून आणावा लागला, आणि त्याच्याशी आधीच भांडण काढले असते तर तो मिळाला नसता. तिसरी, दोन्ही मिळकत क्रमांकांचे उतारे शेजारी-शेजारी, म्हणजे एका खात्यातली जादा जमा आणि दुसऱ्यातली तूट एकाच रकमेची आणि एकाच तारखेची आहे हे अधिकाऱ्याला एका नजरेत दिसावे. ए-७ ला कार्यालयाने पत्र काढले. त्यानेही नंतर आपली बाकी भरली.

दुरुस्तीनंतर सात वर्षे उरली: मूळ १,१२,०००, शास्ती ८९,६००, एकूण २,०१,६००.

रोजगार हमी कराची ओळ

त्याच इमारतीत, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या ए-७ ला ६,४०० आणि बी-७ ला १६,०००, हे कसे? उत्तर बिलाच्या तपशिलात होते. मालमत्ता कर म्हणजे एक कर नसतो. सर्वसाधारण कर, पाण्याशी आणि मलनिस्सारणाशी संबंधित कर, वृक्ष, अग्निशमन, शिक्षण अशा ओळी असतात, आणि त्या सगळ्या करयोग्य मूल्याच्या टक्केवारीत असतात. करयोग्य मूल्य म्हणजे ठरवलेले वार्षिक भाडे वजा दुरुस्तीपोटी १० टक्के. बी-७ च्या बिलात एक जादा ओळ होती: रोजगार हमी कर. तो निवासी वापराला लागत नाही. घराच्या बिलात ही ओळ दिसली की समजावे, दप्तरी आपण दुकान किंवा ऑफिस आहोत.

विक्रेत्याने फ्लॅट शिकवणीच्या वर्गाला भाड्याने दिला होता. सर्वेक्षणात 'बिगरनिवासी' नोंद झाली. वर्ग २०१८ मध्ये गेला, नोंद राहिली.

वापर बदलल्याच्या अर्जाला लावलेले पुरावे असे: वीजबिल, ज्यावर दर संकेत (कोणत्या वापराचा वीजदर लागतो ती खूण) निवासी आहे, गॅस जोडणीचे पुस्तक, सोसायटीचे 'स्वतः राहतात' असे पत्र, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता. यांत वजन वीजबिलाला असते, कारण दर संकेत वीज कंपनीने स्वतः तपासून बदललेला असतो. कर निरीक्षकाने येऊन स्थळपाहणी केली. त्या दिवशी कुणीतरी घरी असावे. दार बंद सापडले, तर 'पाहणी होऊ शकली नाही' असा शेरा पडतो आणि फाइल ढिगाच्या तळाशी जाते.

इथे एक कटू भाग आहे. दांपत्याने २०१९ पासूनची दुरुस्ती मागितली होती. मिळाली फक्त १ एप्रिल २०२४ पासूनची. कराधान नियमांनुसार वर्षाच्या मध्ये आकारणी पुस्तकात केलेली दुरुस्ती चालू कर-वर्षात मागे नेता येते, त्याच्या आधी नाही. मागच्या प्रत्येक वर्षी हरकत घेण्याची वेळ होती, ती बिल न पाहता निघून गेली. नुसत्या २०२०-२१ ते २०२३-२४ या चार वर्षांचा फरक ९,६०० प्रमाणे ३८,४०० होतो, शास्ती वेगळी. 'पण आम्ही तिथे राहतच होतो' हे खरे असूनही उपयोगाचे नव्हते. घर बंद असणाऱ्यांचेही हेच होते: रिकाम्या घराबद्दलची सवलत हवी तर घर रिकामे असतानाच लेखी कळवावे लागते, पाच वर्षांनी कुलपाचा फोटो दाखवून भागत नाही.

न्यायालयात जायचे का, हा प्रश्न इथेच येतो. कलम ४०६ खाली अपील करता येते, पण कारण घडल्यापासून १५ दिवसांत, करयोग्य मूल्याबद्दल असेल तर आधी आयुक्तांकडे तक्रार करून तिचा निकाल लागलेला असावा, आणि वादातली कराची रक्कम आधी जमा करावी लागते. मागच्या वर्षांसाठी पहिल्या दोन अटींतच ते अडकत होते. वकिलाने नको म्हटले, ते योग्यच होते.

चालू वर्ष निवासी झाल्यावर १७,२८० ऐवजी ६,९१२ झाले (६,४०० कर, ५१२ शास्ती). जानेवारीअखेरची बाकी: मूळ १,०२,४००, शास्ती ८८,८३२, एकूण १,९१,२३२.

काउंटरवरचे पंचवीस हजार

या सगळ्याला महिना लागला, आणि वॉरंटची टांगती तलवार तर होतीच. वसुली पथकाने सांगितले, 'काहीतरी भरा, म्हणजे कारवाई थांबवतो.' बहुतेक जण इथे खिशात असतील तेवढे भरून टाकतात. या दांपत्याकडे २५,००० तयार होते.

महापालिकेने १ ते २८ फेब्रुवारी अभय योजना जाहीर केली होती: मूळ कर पूर्ण आणि २५ टक्के शास्ती एकरकमी भरल्यास ७५ टक्के शास्ती माफ. आता काउंटरवरच्या संगणकाने त्या २५,००० पैकी काही शास्तीपोटी जमा केले, तर ती शास्ती आधीच वसूल झालेली ठरते आणि माफीला उरत नाही. सगळे २५,००० शास्तीत गेले असते, तर १८,७५० रुपयांची माफी हातची गेली असती. भरलेली शास्ती योजनेत परत मिळत नाही. म्हणून अशा वेळी भरायचेच असेल, तर पैसे कोणत्या वर्षाच्या कोणत्या शीर्षात जमा होणार हे आधी विचारावे, 'मूळ करापोटी, हरकत राखून' असे अर्जात लिहावे आणि पावतीवरचे विभाजन काउंटर सोडण्यापूर्वी वाचावे. काउंटरवाला 'सिस्टीममध्ये बदलता येत नाही' म्हणाला, तर पैसे परत खिशात घालून निघावे.

त्यांनी भरले नाहीत. त्याऐवजी करनिर्धारक व करसंकलक यांच्या नावे एका पानाचा अर्ज दिला: जमा वर्ग करण्याचा आणि वापर बदलाचा अर्ज अमुक आवक क्रमांकाने प्रलंबित आहे, दुरुस्त मागणी मिळताच योजनेत पूर्ण रक्कम भरू, तोवर वॉरंट बजावू नये. सोबत दोन्ही अर्जांच्या शिक्का असलेल्या प्रती. अर्जावर 'सुनावणीस ठेवा' असा शेरा पडला. पथकाला दाखवायला तो शेरा पुरला. हा काही कायदेशीर मनाई हुकूम नव्हे, आणि अधिकाऱ्याने तो मानलाच पाहिजे असे नाही. पण मार्चअखेरच्या वसुलीच्या धावपळीत, ज्या घरातून महिन्याभरात पूर्ण रक्कम येणार असे कागदावर दिसते, तिथे पथक सहसा दुसऱ्या दाराकडे वळते. वॉरंट निघालेच असते, तरी अंगावरचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. हे माहीत असलेले बरे. नळजोड तोडण्याची धमकी मात्र प्रत्यक्षात यापेक्षा लवकर अमलात येते.

लोक अदालतीची नोटीसही त्यांना आली होती. तिथे शास्तीत तडजोड होते, पण लोक अदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. मागणी दुरुस्त होण्याआधी तिथे सही केली असती, तर ए-७ मध्ये गेलेले १६,०००, त्यावरच्या शास्तीसह, कायमचे मान्य केल्यासारखे झाले असते.

भरणा

दुरुस्त मागणी ११ फेब्रुवारीला संगणकावर आली. यात घाई करू नये: अधिकाऱ्याने फाइलवर मंजुरी दिली म्हणजे आकडा बदलला असे नाही. ऑनलाइन भरण्याच्या पानावर दोन दिवस जुनाच आकडा दिसत होता. पान ताजा आकडा दाखवेपर्यंत थांबून, त्याची छापील प्रत काढून, मग २० फेब्रुवारीला डिमांड ड्राफ्टने भरणा केला. धनादेश टाळला, कारण तो सहीच्या फरकाने परत आला तरी योजनेची तारीख निघून जाते.

फेब्रुवारीची शास्ती आणखी २,०४८ चढली होती, म्हणजे ९०,८८०. तिचे ७५ टक्के, ६८,१६०, माफ. भरले: १,०२,४०० अधिक २२,७२०, म्हणजे १,२५,१२०.

दुरुस्तीच्या भानगडीत न पडता पहिल्याच दिवशी 'योजनेत भरून टाकू' असे केले असते, तर मूळ १,२८,००० आणि १,२०,३२० शास्तीचे २५ टक्के, ३०,०८०, असे १,५८,०८० गेले असते. आधी दुरुस्ती, मग माफी, या क्रमाची किंमत ३२,९६० रुपये. उलटा क्रम लावून नंतर दुरुस्ती मागायला गेल्यास 'तुम्ही मागणी मान्य करूनच भरली' हे उत्तर तयार असते.

विक्रेत्याचा वाटा

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विक्रीच्या तारखेपर्यंत देय झालेले सरकारी कर विक्रेत्याने भरायचे असतात, आणि खरेदीखतातही तेच लिहिले होते. नुकसानभरपाईच्या लेखी हमीवर मागणी करायची मुदत प्रत्यक्ष नुकसान झाल्यापासून, म्हणजे इथे पैसे भरल्यापासून, तीन वर्षे. म्हणून २०१९ चा व्यवहार असूनही दार बंद झालेले नव्हते.

दांपत्याने मागितले २०१८-१९ चे पूर्ण आणि २०१९-२० च्या पहिल्या तीन महिन्यांचे, आजवरच्या शास्तीसह. विक्रेत्याचे उत्तर: विक्रीनंतर तुम्ही नाव लावून घेतले नाही, त्याची शास्ती माझ्या माथी कशाला? त्यात तथ्य होते. कराधान नियमांत हस्तांतराची सूचना नोंदणीपासून तीन महिन्यांत द्यायची असते, आणि ती देण्याची जबाबदारी देणारा आणि घेणारा दोघांचीही असते. ती न दिल्यामुळे दप्तरी तोही थकबाकीदार राहिला होता, हे कळल्यावर त्याचाही सूर खाली आला. मिटले ते असे: २०१८-१९ चे १६,०००, २०१९-२० च्या तीन महिन्यांचे ४,०००, आणि जून २०१९ पर्यंतची शास्ती २,८८०, एकूण २२,८८०. दावा लावून यापेक्षा थोडे जास्त मिळाले असते, पण वकिलाच्या फीमध्ये ते गेले असते.

जून २०१९ अखेर खरेदी करतानाच उतारा काढला असता, तर सगळी खरी बाकी २६,८८० निघाली असती, आणि ती मोबदल्यातून वळती करून घेता आली असती.

एप्रिलचे बिल

भरण्याच्या दिवशी त्यांनी थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी अर्ज केला. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना ठरावीक मुदत असते आणि ती टळल्यास अपील करता येते; अर्जाची पोच जपून ठेवावी ती यासाठी. दाखला हातात आल्यावर इंडेक्स-२ (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), खरेदीखताची प्रत, सोसायटीचे भागपत्र आणि ओळखपत्र जोडून नाव हस्तांतराचा अर्ज. थकबाकी असताना हा अर्ज घेतच नाहीत, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी.

एप्रिल २०२५ चे बिल आले. चालू कर ६,४००, निवासी, रोजगार हमी कर नाही. आणि खाली: मागील बाकी ६८,१६०.

माफ झालेली शास्ती. भरणा जमा झाला होता, माफीची नोंद पुढच्या वर्षाच्या खात्यात ओढली गेली नव्हती. असे वारंवार होते, आणि घाबरलेला माणूस कधी कधी तेही भरून टाकतो. योजनेची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला जोडून दिलेल्या अर्जावर आठवड्यात ती ओळ निघाली. मगच ६,४०० भरले, लवकर भरण्याची सूट घेऊन.

नाव जूनमध्ये लागले. त्याच अर्जात एक रकाना मोबाइल क्रमांकाचा होता. साडेपाच वर्षांचे सगळे संदेश विक्रेत्याच्या जुन्या, बंद पडलेल्या क्रमांकावर जात होते.